भेटी येतात, बुकिंग येत नाही: बटण नेमकं कुठे अडतं?

दरवर्षी झाडावर कैरी दिसायला लागली की आंबा विकणाऱ्यांच्या फोनांनी माझा फोन वाजायला लागतो. "साइट बघतात सगळे, पण ऑर्डर कोणी देत नाही. बटणाचा रंग बदलूया का?" दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की हेच वाक्य होमस्टेवाल्यांकडून येतं, 'ऑर्डर'च्या जागी 'बुकिंग' एवढाच फरक. देवगड असो, तारकर्ली असो, गुहागर असो, तक्रार तीच आणि सुचवलेला उपायही तोच.

रंग बदलून गेलेलं गिऱ्हाईक परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. बहुतेक वेळा गिऱ्हाईक बटणापर्यंत पोचलेलं असतं, अंगठाही उचललेला असतो, आणि तिथे काहीतरी नडतं. ते काय, हे शोधताना मी ज्या क्रमाने जातो तो इथे लिहितोय. वेबच्या धंद्यातले लोक 'मागवा', 'बुक करा' अशा बटणाला 'कॉल टू ॲक्शन' किंवा 'सीटीए' म्हणतात. मी बटणच म्हणणार.

आधी स्वतः दाबून बघा

हसू नका. साइट तयार होऊन दोन वर्षं झाली आणि मालकाने स्वतःचं बटण एकदाही दाबलेलं नाही, असं कितीतरी वेळा निघतं. आणि दाबायचं ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नव्हे. घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी साधा फोन घ्या, वायफाय बंद करा, अंगणात उन्हात उभे राहा. तुमचं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरून येत असेल तर इन्स्टाग्राममधूनच लिंक उघडा, कारण तिथे साइट ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि बाहेर व्यवस्थित चालणारी बटणं तिथे कधी कधी मुकी होतात. मग शेवटपर्यंत जा. 'ऑर्डर मिळाली' असं दिसेपर्यंत.

निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. एका होमस्टेच्या साइटवर खाली चिकटलेली 'बुक करा' पट्टी होती आणि तिच्यावर बरोबर चॅटचा गोल फुगा येऊन बसला होता. मालकाच्या मोठ्या स्क्रीनवर दोन्ही लांब लांब दिसत. लहान फोनवर 'बुक करा' मधलं फक्त 'बु' दिसत होतं.

व्हॉट्सॲपचं बटण दाबलं, 'नंबर चुकीचा आहे' आलं

कोकणातली निम्मी ऑर्डर व्हॉट्सॲपवरच होते, त्यामुळे हा बिघाड सगळ्यात महाग पडतो आणि दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात. 'डब्ल्यूए डॉट एमई' वाल्या लिंकमध्ये नंबर आंतरराष्ट्रीय पद्धतीने लागतो: आधी ९१, मग दहा आकडे. अधिकचं चिन्ह नको, सुरुवातीचा शून्य नको, मधे रेघ किंवा जागा नको. लोक लेटरहेडवरचा नंबर शून्यासकट उचलून चिकटवतात. नाहीतर ९१ लावायचं विसरतात. तुमचा नंबर ९८ ने सुरू होत असेल आणि ९१ नसेल, तर व्हॉट्सॲप त्या ९८ ला इराणचा कोड समजतं. आपली पेटी तेहरानला विचारायला गेलेली बरी दिसत नाही.

या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो आणि तो जरूर घालावा, कारण कोऱ्या चॅटसमोर माणूस 'नमस्कार' लिहून थांबतो. "मला पाच डझनांची पेटी हवी आहे. पत्ता:" एवढं तयार मिळालं की पुढचं तो लिहितो. मात्र त्या मजकुरात & हे चिन्ह सरळ टाकू नका. 'आंबा & काजू' लिहिलंत तर लिंक & पाशी तुटते आणि तुमच्याकडे नुसता 'आंबा' येतो. 'आणि' लिहा, सुटलात.

'फोन करा' या बटणाचं दुखणं वेगळं. मोबाइलवर ते छान चालतं, पण पुण्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून बघणाऱ्याला ते 'कुठलं ॲप उघडू?' असं विचारतं. म्हणून बटणाशेजारी नंबर आकड्यांत दिसू दे.

बटण चालतं, पण पलीकडे कोणी नाही

मालवणजवळच्या एका बागायतदारांकडे गेलो होतो. साइट बरी होती, 'आत्ताच फोन करा' असं मोठं बटण होतं, लिंक बरोबर. मी त्यांच्या पडवीत बसूनच ते दाबलं. फोन आतल्या खोलीत वाजला. वाजत राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं.

"दिवसभर मी बागेत आसतंय, फोन घरात. बागेत रेंज खंय आसा? उचलतलो कोण?"

आता इथे बटणाला कितीही रंग लावा. 'आत्ताच' हा शब्द आपण गिऱ्हाइकाला देतो आणि तो पाळायला घरात माणूस नसतो. त्यांच्या साइटवर आम्ही फोनचं बटण काढून व्हॉट्सॲपचं ठेवलं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं: "दिवसा बागेत असतो. संध्याकाळी ७ नंतर उत्तर देतो." काकांना वाटलं, हे वाचून लोक पळतील. उलट झालं. ज्याला सातनंतर उत्तर येणार हे माहीत आहे तो वाट बघतो. ज्याला काहीच माहीत नाही तो दहा मिनिटांनी दुसऱ्याची साइट उघडतो.

फॉर्मचंही तसंच. 'पाठवा' दाबल्यावर फॉर्म नुसताच कोरा झाला तर माणसाला कळत नाही की गेलं की गेलं नाही. तो परत भरतो किंवा सोडून देतो. दाबल्यानंतर दिसणारं वाक्य हेही बटणाचाच भाग धरा.

फोनवर क्यूआर कोड

पैसे भरायच्या पानावर यूपीआयचा क्यूआर कोड लावलेला असतो आणि खाली 'स्कॅन करा'. गिऱ्हाईक फोनवर आहे. कोड त्याच फोनच्या स्क्रीनवर आहे. स्कॅन कशाने करायचं, आरशात बघून? कॉम्प्युटरसाठी कोड राहू दे, पण मोबाइलवर यूपीआय आयडी मोठ्या अक्षरात द्या आणि शेजारी 'आयडी कॉपी करा' असं बटण. स्क्रीनशॉट काढून ॲपमध्ये घालता येतो हे आपल्याला माहीत असतं, दादरच्या आजींना नाही.

शब्दांचा घोळ

सगळं चालतंय आणि तरी कोणी दाबत नाही, तेव्हा शब्दांकडे वळा. माझी साधी कसोटी: हाताने पान झाका, फक्त बटण दिसू द्या, आणि साइट कधीच न पाहिलेल्या माणसाला विचारा, 'हे दाबल्यावर काय होईल?' 'येथे क्लिक करा', 'अधिक माहिती', 'सबमिट' ही तिन्ही इथे नापास. पान ऐकून वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला स्क्रीन रीडर नुसती लिंकांची यादी वाचून दाखवतो; त्या यादीत 'येथे क्लिक करा' पाच वेळा आलं तर त्याने काय समजायचं?

'पेटी मागवा' चांगलं. 'पाच डझनांची पेटी मागवा' आणखी चांगलं. 'मोकळ्या तारखा बघा' हे 'बुक करा' पेक्षा बऱ्याच वेळा बरं, कारण पहिल्यांदा आलेल्या माणसाला अजून बुक करायचंच नसतं. 'बुक करा' दाबलं की पैसे मागतील या भीतीने तो थांबतो. तारखा बघायला कोणाची ना नसते.

मराठीत आणखी एक सवय आहे, सरकारी भाषेची. 'मागणी नोंदविण्यासाठी येथे कळ दाबावी.' ही तहसीलदाराची सूचना झाली. दुकानात आलेल्या माणसाशी जसं बोलतो तसं लिहा.

आणि 'त्वरा करा! शेवटच्या ३ पेट्या!' मार्चमध्ये, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना? जुनं गिऱ्हाईक हसतं आणि नवं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा आलं की त्याच तीन पेट्या तशाच बघतं. हे नुसतं वाईट दिसत नाही, नियमातही बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक. 'नको, मला चांगला आंबा आवडत नाही' असं लाजवणारं नकाराचं बटणही त्याच यादीत येतं.

अंगठा का थबकतो?

शब्द बरोबर आहेत, तरी थबकतोय? मग बटणाच्या आजूबाजूला बघा. हापूस मागवणाऱ्याच्या मनात तीन शंका असतात. हा खरंच कोकणातला का? वाटेत खराब झाला तर? आणि कापल्यावर साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा, निघाला तर? साका बाहेरून दिसत नाही, बागायतदारालाही दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच त्याबद्दल आपण काय करणार, हे बटणाखाली एका ओळीत असलं पाहिजे: "साका निघाल्यास फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ." देणार असाल तरच लिहा.

पहिल्या शंकेला तर तयार उत्तर आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला ते लागू आहे. तुमची जीआयमध्ये अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर ती 'आमच्याविषयी' नावाच्या पानावर पुरून ठेवू नका. तिथे कोणी जात नाही. ती किमतीच्या आणि बटणाच्या मधे हवी.

ऑर्डरच्या फॉर्ममध्ये अजून एक प्रश्न टाका: तयार आंबा हवा की अढीत घालायचा? विचारलंत तर गिऱ्हाइकाला कळतं, पलीकडे बागेतला माणूस आहे.

देवनागरीचे स्वतःचे बिघाड

हे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही म्हणून जरा थांबून सांगतो. साइटच्या तयार साच्यातली (टेम्प्लेटमधली) बटणं रोमन अक्षरांच्या मापाने शिवलेली असतात. त्यात 'कुटुंबासाठी खोली' लिहिलं की खालचे उकार छाटले जातात, वरची वेलांटी, रफार आणि अनुस्वार कडेला घासतात. 'पूर्ण' चं 'पण' होतं. बटणाची उंची पिक्सेलमध्ये ठोकलेली असते, ते कारण. उंची काढून टाका, आत वरखाली मोकळी जागा द्या आणि ओळीची उंची दीडपटीच्या आसपास ठेवा.

दुसरा बिघाड अक्षरांमधल्या अंतराचा. रोमन बटणं ऐटदार दिसावीत म्हणून साच्यात अक्षरं पसरवलेली असतात. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करा. तिसरं म्हणजे लांबी: 'बुक नाऊ' च्या जागी 'आपली खोली आरक्षित करा' बसवलंत तर लहान फोनवर दोन ओळी होणारच. शब्द कमी करा, फॉन्ट बारीक करू नका.

रंगाबद्दल एवढंच

आलाच विषय, तर सौंदर्याचं सोडा, वाचता येतं का ते बघा. आंबेवाल्यांना नारंगी बटण आणि त्यावर पांढरी अक्षरं फार आवडतात. वेबच्या सुगम्यता निकषांप्रमाणे साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, लागतो. ऑरेंज या ठरावीक वेबरंगावर पांढरं अक्षर जेमतेम २ ला १ भरतं. त्याच नारंगीवर काळं अक्षर ठेवा, १० च्या वर जातं. रंग तोच राहिला, हट्टही पुरा झाला. मापाचं म्हणाल तर ॲपल ४४ पॉइंटचं आणि गूगल ४८ डीपीचं बटण सुचवतं; पॉइंट आणि डीपी ही त्यांची स्क्रीनवरची मापं. अंगठा मोजून घ्या हवं तर.

एका स्क्रीनवर भरलेलं बटण एकच. 'गॅलरी', 'नकाशा', 'मेनू' यांना साध्या लिंका करा. सगळंच ओरडलं की काहीच ऐकू येत नाही, मासळी बाजारात विचारा.

मेलमधलं बटण

इथे बिघाड वेगळे. सगळ्यात पहिला: बटण म्हणजे चित्र. कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये सुंदर पोस्टर केलं, त्यातच 'मागवा' रंगवलं आणि अख्खं चित्र मेलमध्ये टाकलं. ज्याच्याकडे चित्रं आपोआप दिसत नाहीत त्याला पांढरा चौकोन दिसतो. बटण मजकुराचंच हवं. विंडोजवरचं जुनं आउटलुक तर २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, त्यामुळे गोल कोपरे वगैरे तिथे येत नाहीत. टेबलच्या एका घरात पार्श्वभूमीचा रंग आणि भोवती मोकळी जागा, एवढ्यावर केलेलं बटण सगळीकडे टिकतं. कोपरे चौकोनी दिसतील. दिसू देत.

दुसरा बिघाड मराठी मेलला जास्त चावतो. मेलचा कोड १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मधेच कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पहा' अशी लिंक ठेवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, रोमन अक्षर १. म्हणजे तेवढाच मजकूर, तिप्पट वजन. त्यात वर्डमधून कॉपी करून चिकटवलंत तर फॉरमॅटिंगचा कचरा वेगळा. बटण तळाशी असेल तर ते नेमकं कापलेल्या भागात जातं. पहिल्या दोन परिच्छेदांनंतर बटण द्या, लांब मेल असेल तर शेवटी तेच पुन्हा.

तिसरा: मेल पोचतच नाही. मेल पाठवायच्या सेवेतून 'पाठवणारा' म्हणून जीमेलचा पत्ता घालू नका. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम आवळले आहेत. दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेला जीमेलचा पत्ता संशयास्पद ठरतो आणि मेल स्पॅममध्ये जातो. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या, एसपीएफ आणि डीकिम, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी, लावून घ्या.

आणि मग आकडे. 'उघडलेले मेल' बघून खूश होऊ नका. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आल्यापासून ॲपलचं मेल ॲप, ज्याने त्यातलं खाजगीपणाचं संरक्षण चालू ठेवलंय त्याच्यासाठी, माणसाने मेल न उघडताच चित्रं आधी उतरवून घेतं आणि ते 'उघडलं' म्हणून मोजलं जातं. किती जणांनी बटण दाबलं आणि त्यातले किती ऑर्डरपर्यंत गेले, हे दोन आकडे पुरेत. दाबणारे भरपूर आणि ऑर्डर नाही, असं दिसलं तर एकदा बघा, बटण कुठे नेतं ते. मेलमध्ये 'पाच डझनांची पेटी' आणि दाबल्यावर मुखपृष्ठ, त्यावर सूर्यास्ताचा व्हिडिओ. गिऱ्हाइकाने पेटी शोधायची कुठे?

मागणं वेळेआधीचं तर नाही?

तारकर्लीच्या एका वहिनींचं प्रकरण माझ्या चांगलं लक्षात राहिलं. घर समुद्राला लागून, जेवण उत्तम, फोटो खरे. दिवाळीच्या सुट्टीचा मेल दोन महिने आधी गेला, बटणही लोक दाबत होते आणि पैसे भरायच्या पानावरून मागे फिरत होते. वहिनींनी दर कमी करायची तयारी केली होती. मी म्हटलं, थांबा, त्यातल्या एकाला फोन करून विचारू.

ठाण्याचे गृहस्थ होते. म्हणाले, "अहो, खोली आवडली. पण कुडाळचं तिकीट वेटिंगवर आहे. ते झाल्याशिवाय पैसे कसे भरू?"

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलतं. मुंबईकर आधी गाडीच्या मागे लागतो, मग खोलीच्या. आपण त्याच आठवड्यात त्याच्याकडे पूर्ण पैसे मागत होतो. बटण बदललं: 'खोली धरून ठेवा'. खाली ओळ: "आत्ता पैसे नाहीत. तिकीट कन्फर्म झालं की कळवा. १० दिवस खोली तुमच्या नावावर." दर एक रुपयाने कमी केला नाही. दहा दिवसांनी आठवणीचा एक मेल, त्यात मात्र 'आगाऊ रक्कम भरा'. धरून ठेवलेल्या खोल्यांची वही वहिनी स्वतः लिहितात, कारण बुकिंगच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये 'धरून ठेवणे' असा प्रकारच नव्हता. वहीने चालतं.

हंगाम संपल्यावर

जुलैत, मालवणहून किल्ल्याला जाणाऱ्या होड्या बंद असताना, साइटवर 'बोटिंग बुक करा' झळकत असतं. मिरगाचा पाऊस पडून गेला तरी 'पेटी मागवा' तसंच. दाबणाऱ्याला 'आता नाही' असं कळवायलाही कोणी नसतं, आणि पुढच्या वर्षी तो आपल्या साइटवर येत नाही. शेवटची पेटी गेली त्याच संध्याकाळी बटणाचे शब्द बदला: 'पुढच्या हंगामात कळवा'. दाबल्यावर फक्त नाव आणि व्हॉट्सॲप नंबर घ्या, आणि कधी कळवणार ते तिथेच सांगा. मार्चमध्ये पहिला संदेश याच यादीला जातो, बाकी कोणाला सांगण्याआधी.